आजीकडून आलेली रंगीत काच कशी ओळखायची: रंग सगळ्यात शेवटी बघा

तुम्ही फुलदाणीचा फोटो पाठवून लिहिलंय की आजीच्या वाईच्या वाड्यातून एक खोकं तुमच्याकडे आलंय, त्यात एक लाल फुलदाणी आहे जिच्यावर हरण आणि झाडं कोरलीत, एक पिवळट हिरवा बाऊल आहे, केशरी-सोनेरी चमक मारणारे पाणी प्यायचे ग्लास आहेत आणि पितळी साखळीची एक निळी हंडी आहे. घरात सगळे म्हणतात हे बेल्जियमचं, आणि तुम्हाला यातलं काहीच कळत नाही, सुरुवात कुठून करू. प्रश्न छान आहे म्हणून सविस्तर लिहितोय, जरा वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी, धुवायची घाई करू नका. खोकं उघडल्या उघडल्या विम आणि स्क्रबर घेऊन बसणारे लोक मी खूप बघितलेत आणि तिथेच अर्धी माहिती वाहून जाते. कागदाचं लेबल, सोन्याच्या वर्खाची रेघ, हंडीच्या आतली तेलाची काजळी, बुडाला चिकटलेली दुकानाची चिठ्ठी, हे सगळं ओळखायला लागतं. आत्ता फक्त मऊ ब्रशनं धूळ झटका आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. समोरून, आतून आणि बुडाचा. बुडाचा फोटो कुणी काढतच नाही आणि मला सगळ्यात आधी तोच लागतो.

आता बेल्जियमचं. आपल्याकडे जुन्या घरात जी काच चांगली दिसते ती बेल्जियमची, हे वाईपासून मडगावपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. बेल्जियममध्ये मोठे कारखाने होतेच, व्हाल सां लांबेर तर 1826 पासूनचा. पण 19व्या शतकात आपल्याकडे आलेल्या रंगीत शोभेच्या काचेत बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक रिपब्लिकच्या भागाचा, वाटा फार मोठा होता. झुंबरं इंग्लंडहून पण यायची, बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं 1840 च्या दशकातच कलकत्त्यात शोरूम काढली होती. शिवाय आपल्या देशात काच बनत होती ते लोक विसरूनच जातात. तळेगाव दाभाड्याला 1908 मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा निघाला ज्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता, आणि उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादला तर काच आजही बनते. त्यामुळे घरचे काय म्हणतात ते वहीत जरूर लिहून ठेवा, कोण म्हणालं ते पण लिहा, पण ते उत्तर म्हणून धरू नका.

आणि नवख्या माणसाला मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की रंग सगळ्यात शेवटी बघायचा. सगळे रंगापासून सुरू करतात कारण डोळ्यात आधी तोच भरतो. पण निळा म्हणजे कोबाल्ट, आणि कोबाल्ट बोहेमियात वापरला, बर्मिंगहॅमला वापरला, फिरोजाबादला आज सकाळी पण कुणीतरी वापरला असेल. निळ्या रंगावरून ना देश कळतो ना काळ. वस्तू बनवली कशी हे आधी शोधायचं, मग रंग काचेत कुठे बसलाय ते, आणि त्यानंतर रंग कुठला.

बनवली कशी हे कळायला डोळ्यांपेक्षा बोट जास्त उपयोगी पडतं. बाहेरून नक्षी असलेली वस्तू घ्या आणि आत बोट फिरवा. बाहेर उंचवटा आणि त्याच जागी आत खोलगट लागलं तर ती साच्यात फुंकलेली आहे, कारण फुंकरीनं काच सगळीकडून साच्याला जाऊन चिकटते. बाहेर भरगच्च नक्षी आणि आत एकदम गुळगुळीत, तर ती प्रेस्ड, म्हणजे साच्यात वितळलेली काच टाकून वरून दट्ट्यानं दाबलेली. प्रेस्ड काचेवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, बहुतेक वेळा दोन, तीन किंवा चार, ती बाजूनं तिरपा उजेड टाकून शोधा. काही वस्तू नंतर परत भट्टीत धरून गुळगुळीत करतात, मग ती रेघ पुसट होते, पण नखाला बऱ्याचदा लागते. आणि अजिबात रेघ नाही, दोन्ही बाजू पूर्ण गोल नाहीत, काठाची जाडी इकडे-तिकडे कमीजास्त, तर ती बहुधा हातानं फुंकलेली.

कोरीव काम खरं कटिंग आहे का साच्यातलं, हे पण बोटानंच. चाकावर कापलेल्या काचेची कड धारदार लागते, बोटाला जवळजवळ टोचते. साच्यातून आलेली कड बोथट, गोलसर असते. आपल्याकडे दोन्हीला सरसकट बिलोरी म्हणतात, पण दोन्हीच्या किमतीत आणि मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग बूड. फुंकलेल्या वस्तूला शेवटी बुडाला एक लोखंडी सळई चिकटवून धरतात, ती तोडली की तिथे खरखरीत डाग राहतो, त्याला पॉन्टिल म्हणतात. चांगल्या कामात तो डाग घासून छोटी गोल वाटी केलेली असते, अगदी तुळतुळीत. पॉन्टिल म्हणजे हातकाम, एवढंच त्यावरून म्हणता येतं, जुनं असं नाही, इटलीतल्या मुरानोला आजही असंच करतात. काचेतल्या बुडबुड्यांचं पण तेच, बुडबुडा दिसला म्हणून शंभर वर्षं जुनं होत नाही. जुनेपणा बघायचा तो बुडाच्या ओरखड्यांत. वर्षानुवर्षं टेबलावर, कपाटात सरकवून जे चरे पडतात ते बारीक, वेगवेगळ्या दिशांचे, आणि जिथे बूड खरंच टेकतं तेवढ्याच कडेवर असतात, मधल्या खोलगट भागात नसतात. सगळे चरे एकाच दिशेला आणि टेकत नाही तिथेपण असतील तर कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. साधं भिंग त्यासाठी पुरतं, पण दहापट दिसणारी ज्वेलर्स लूप मिळाली तर फारच बरं.

आता तुमची लाल फुलदाणी. लाल रंग काचेवर मुख्यतः तीन प्रकारे येतो आणि इथे काठ फार महत्त्वाचा. काठ डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून बघा. पूर्ण जाडीत लाल असेल तर काचच लाल आहे. कांद्याला पापुद्रा असावा तसा आत किंवा बाहेर लाल थर आणि बाकी पारदर्शक काच दिसली तर ती थराची काच, केस्ड म्हणतात तिला. सोन्यापासून केलेला गुलाबी-लाल रंग, ज्याला क्रॅनबेरी म्हणतात, तो बहुतेक असाच थरानं देतात, कारण सोनं महाग आणि रंग इतका गडद की पातळ थर पुरतो. आणि तिसरा प्रकार, थराला काही जाडीच नाही, पारदर्शक काचेवर नुसता लाल रंग भाजून चढवलाय. तुमच्या फोटोत हरणाचं अंग पांढरं-पारदर्शक आहे आणि आजूबाजूला लाल, म्हणजे वरचा लाल भाग चाकानं कोरून काढलाय. कोरलेल्या रेघेच्या कडेला नीट भिंग लावा, लाल रंगाची भिंत दिसते का? दिसली तर थर, नाही दिसली तर भाजलेला रंग.

माझा अंदाज भाजलेल्या रंगाचा. बोहेमियात फ्रिडरिश एगरमान नावाचा कारागीर होता, त्यानं 1832 च्या सुमाराला तांब्यापासून हा लाल स्टेन, म्हणजे भाजून चढवायचा रंग, तयार केला आणि तो सोन्याच्या मानानं फार स्वस्त पडायचा. मग त्या भागात हरणं, जंगल, किल्ले, द्राक्षवेली कोरलेल्या लाल वस्तूंचा पूरच आला. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, कार्ल्सबाडला वगैरे, येणारे लोक आठवण म्हणून त्या घेऊन जायचे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, ही पद्धत 20व्या शतकात पण जोरात चालू होती, त्यामुळे हरण दिसलं की 1850 असं लगेच लिहू नका. जुन्या चांगल्या कामात हरणाच्या पायाचे सांधे, पोटाखालची सावली, पानांच्या शिरा असं सगळं वेगवेगळ्या जाडीच्या चाकांनी काढलेलं असतं. नंतरच्या कामात चार फटक्यांत हरण होतं, झाड म्हणजे नुसत्या रेघा. तुमच्या हरणाच्या डोळ्याचा जवळून फोटो पाठवा, तेवढ्यावरून पुष्कळ कळेल.

पिवळट हिरवा बाऊल. यासाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, टॉर्च मागवा, ऑनलाइन सहज मिळते, 395 नॅनोमीटरची स्वस्त असते, 365 ची थोडी महाग पण घ्यायची तर तीच घ्या कारण स्वस्तवालीचा जांभळा उजेड स्वतःच इतका पडतो की नीट कळत नाही. आणि ती डोळ्यात मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारल्यावर पूर्ण बाऊल झगझगीत पोपटी पेटल्यासारखा दिसला तर ती युरेनियमची काच. बोहेमियात रीडल घराण्यानं ती मोठ्या प्रमाणावर काढली, पिवळ्या छटेला घरातल्या आना नावाच्या बाईचं नाव दिलं, आनागेल्ब, आणि हिरव्या छटेला आनाग्र्यून. युरेनियम तिथल्याच योआखिमस्थाल खाणीचं, ज्या खाणीतला माल पुढे मारी क्यूरींनी रेडियम शोधायला वापरला. पुढे इंग्लंड-अमेरिकेतही पुष्कळ बनली. तुमच्या बाऊलची कड दुधाळ होत गेली असेल आणि बाहेर साच्याची नक्षी असेल तर इंग्लंडच्या गेट्सहेडच्या डेव्हिडसन कारखान्याची शक्यता बघायला पाहिजे, त्यांनी 1889 पासून असा प्रकार विकला.

अगदी फिकट हिरवट चमक आली तर ती मँगनीजची असू शकते, काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी मँगनीज घालायचे, त्याला युरेनियम समजू नका. केशरी-पिवळी चमक आली तर बहुधा कॅडमियम. आणि घाबरू नका, युरेनियमचं प्रमाण बहुतेक वस्तूंत टक्का-दोन टक्के असतं, कपाटात ठेवून बघायला काहीच हरकत नाही. त्यात रोज जेवू नका, चिंच-लिंबाचं आंबट ठेवू नका, आणि फुटली तर तुकडे घासत बसू नका, एवढं पाळा.

आता ते ग्लास, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुम्ही लिहिलंय की बाकी ठेवणार पण "हे ग्लास साधे वाटतात, कामवाल्या मावशींना देऊन टाकू का". द्यायचे तर खुशाल द्या, पण काय देताय ते कळून द्या. ती केशरी-सोनेरी, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे रंग मारणारी काच, तिला कार्निव्हल ग्लास म्हणतात. काच गरम असतानाच तिच्यावर धातूच्या क्षारांचा फवारा मारतात, त्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर उजेड फुटून रंग दिसतात. अमेरिकेत फेंटन कंपनीनं 1907-08 च्या सुमाराला हे सुरू केलं, मग इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रेलिया असं पसरलं, आणि पुढे आपल्या फिरोजाबादला. तिथल्या जैन ग्लास वर्क्सची काच आज अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातले लोक शोधून शोधून जमवतात, आणि आपल्याकडे ती लग्नाच्या आहेरातली काच म्हणून माळ्यावर पडून असते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तुमचे ग्लास तिथले आहेत का ते असं बघा. एक, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलके आणि पातळ लागतात, कारण ते साच्यात फुंकलेले असतात, दाबलेले नाही, म्हणजे आत बोट घातलं की नक्षी आतून पण लागेल. अमेरिकन ग्लास बहुतेक प्रेस्ड, जाड, जड आणि आतून गुळगुळीत. दोन, काही भाग धुरकट, घासल्यासारखा आणि शेजारचा भाग चकचकीत, अशी आळीपाळीनं नक्षी आहे का? भारतीय ग्लासांत हे फार दिसतं. तीन, बुडाच्या आतल्या बाजूला किंवा कडेला साच्यातली उठावदार अक्षरं शोधा, जैन हे नाव इंग्रजी अक्षरांत काही ग्लासांवर असतं. अक्षरं अस्पष्ट असतात, कागद ठेवून पेन्सिल घासली तर वाचता येतात. चार, फवारा नसलेल्या बुडाच्या जागेतून उजेडाकडे बघा, तिथे काचेचा मूळ रंग दिसतो. केशरी कार्निव्हलमध्ये तो बहुतेक पारदर्शक असतो, केशरी फक्त वरच्या फवाऱ्याचं. फिरोजाबादला याच पद्धतीच्या फुलदाण्या पण झाल्या, हत्तीच्या तोंडाच्या, माशाच्या, हातात धरल्यासारख्या पंजाच्या. आजीच्या बाकी सामानात असं काही असेल तर तेही बाजूला काढा.

या ग्लासांना घासणी लावली की चमक जाते आणि परत कधीच येत नाही. डिशवॉशरचं तर नावच नको.

निळी हंडी. हंड्या-झुंबरं वाड्याच्या दिवाणखान्यात आणि देवळाच्या सभामंडपात टांगायची आपल्याकडे जुनी पद्धत, आणि परदेशी कारखाने खास आपल्या बाजारासाठी हा आकार बनवायचे. पण आज हंडी इतकी नव्यानं बनते की हिच्या बाबतीत सगळ्यात जास्त सावध राहायला लागतं. पहिलं, निळा रंग काचेतच आहे का वरून मारलाय. काठाची कड बघा, आणि कॉलरच्या, म्हणजे तोंडाजवळच्या पितळी पट्टीच्या, खाली न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन हलकेच टेकवा, निळं कापसाला लागलं तर तो लॅकर आहे. सोन्याची रेघ किंवा रंगवलेली फुलं असतील तिथे हे चुकूनही करू नका, जुनं न भाजलेलं रंगकाम पण तसंच निघून येतं. दुसरं, तोंडाची कड. जुन्या चांगल्या हंडीची कड सपाट घासून पॉलिश केलेली असते, नव्या स्वस्त हंडीची बऱ्याचदा नुसती वितळवून गोल केलेली. तिसरं, पितळ. जुन्या कॉलरला वजन असतं, साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे झिजून पातळ झालेल्या असतात. पितळाला पितांबरी लावायचा मोह होईल, लावू नका, पाणी आणि पावडर कॉलरच्या फटीत जाते आणि काचेवर पांढरा थर धरते. आणि पितळ काचेपेक्षा जुनं किंवा नवं असू शकतं, हंडी फुटली की लोक जुन्या साखळीला नवी काच लावायचे, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासा.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात, कारण बहुतेक घरगुती काचेवर शिक्काच नसतो. इंग्लिश प्रेस्ड काचेवर 1842 ते 1883 मध्ये समभुज चौकोनाची खूण असते आणि 1884 पासून आरडी (Rd) लिहून पुढे नंबर, त्या नंबरवरून डिझाइन कधी रजिस्टर झालं ते सापडतं, वस्तू कधी बनली ते नाही. मोराचं डोकं असेल तर गेट्सहेडचा सोवर्बी कारखाना. चेकोस्लोव्हाकिया असं लिहिलं असेल तर 1918 नंतरचंच, कारण त्याआधी तो देशच नव्हता. कागदी लेबलवर मात्र पूर्ण विश्वास टाकू नका, मुरानोची लेबलं वाटेल त्या काचेवर चिकटवलेली मी बघितलीत.

डोळा तयार करायचा असेल तर हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये युरोपियन काचेचं दालन आहे, तिथे अर्धा दिवस घालवा. पुण्यात असाल तर राजा केळकर संग्रहालयात दिवे बघा. जुन्या बाजारात जाऊन नुसतं हाताळलं तरी चालतं, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, वजन आणि कड हाताला कळायला लागली की पुढचं सोपं होतं.

नोंद ठेवताना प्रत्येक वस्तूची उंची, तोंडाचा व्यास, किचनच्या काट्यावरचं वजन ग्रॅममध्ये, आणि कुठली चीर-टवका कुठे आहे ते लिहा. घरात कुणी मोठं माणूस असेल, आत्या, मावशी, तर त्यांना वस्तू हातात देऊन विचारा, नुसता फोटो दाखवून नाही. आणि जुने लग्नाचे फोटो काढून बघा, मागे छताला हंडी टांगलेली दिसली तर त्या तारखेला ती घरात होती याचा पक्का पुरावा मिळतो, असा पुरावा मी कितीही भिंग लावून देऊ शकत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की बहीण न्यू जर्सीला असते, तिला फुलदाणी पाठवली तर चालेल का. वस्तू 100 वर्षांपेक्षा जुनी असू शकते असं वाटत असेल तर आधी थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती तेवढी जुनी नाहीये असं दाखवायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून तसं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. एअरपोर्टवर अडकण्यापेक्षा ते आधी करा. तोपर्यंत हरणाचा डोळा, बाऊल अंधारात टॉर्चखाली, एका ग्लासचं बूड आणि हंडीचा काठ, एवढे चार फोटो पाठवा, मग फुलदाणीपासून एकेक करत बोलू.